अर्ध्यात सोडलेला खांब

आळीतली पोरं त्याला खांबडॉक्टर म्हणत, आणि त्यात खोटं काही नव्हतं. सिमेंटच्या खांबात गाडलेली सळई गंजतेय का, हे खांब न फोडता सांगायचं, हेच त्याचं काम. बोटभर भोक पाडून सळईला वायर जोडायची, खांबावर ओला स्पंज दाबायचा आणि मशीनमधून इवलासा करंट सोडायचा. आधी भराभर उलटसुलट, मग हळू, अजून हळू. भराभर सोडला की नुसतं सिमेंट बोलतं. सळई बोलते ती अगदी शेवटी. तोवर तासभर बूड हलवायचं नाही. बावीस वर्षं तो असा बसला. बायको म्हणायची, "माझं ऐकायला कधी इतका वेळ बसलात का?"

एकदाच उठला, ताईच्या इमारतीत. खाली पार्किंगमध्ये मशीन चालू होतं आणि ताई वरून ओरडली, "अरे, जेवण गार होतंय! खांब काय पळून जातोय?" तोवरचे आकडे छानच होते. त्याने मशीन बंद केलं, आलेखाची उरलेली रेघ अंदाजाने ओढली आणि सही ठोकली. खांब ठणठणीत.

तीन वर्षांनी त्याच खांबावर केसाएवढी तांबूस चीर दिसली. त्याने पुन्हा मशीन लावलं. या वेळी तो शेवटपर्यंत बसला. सळई जोरात गंजत होती. खपली काढून पाहिली, तर अंगठ्याएवढी सळई पेन्सिलीएवढी उरलेली.

"घरं रिकामी करा. आजच," तो वर जाऊन म्हणाला.

दाजींनी कपाटातून जुना कागद काढला. "ही सही कुणाची?"

"माझीच. पण मी अर्ध्यात उठलो होतो, दाजी. पुढचं मनानेच लिहिलं."

शेजारचे मास्तर हसले. "तेव्हा खोटं, आता खरं? आणि पुढच्या वर्षी हो?"

तो ताईकडे वळला. "तू तरी चल."

"यांना टाकून?" ताईने त्याच्या पाठीवर हात ठेवला. "किती वाळलायस रे. उगाच जिवाला लावून घेऊ नकोस."

त्याने ऑफिसात चूक लिहून दिली. साहेबांनी मशीन काढून घेतलं. दुसरा माणूस दोन महिन्यांनी येईल म्हणाले. मग त्याने स्वतःच दोन लोखंडी टेकू आणून खांबाशेजारी घट्ट बसवले.

दुसऱ्या दिवशी टेकू भिंतीला उभे करून ठेवलेले होते. दाजींना स्कूटर लावायला अडचण होत होती.