ताईंचं हरवलेलं बावखल

माझ्या मोठ्या जाऊबाई वसुंधराताई हायस्कूलात भूगोल शिकवतात. जगातल्या नद्या त्यांना तोंडपाठ, पण उमेळ्याच्या आमच्या घरातली साखरेची बरणी कुठे आहे ते मलाच सांगावं लागतं. एरवी बाई सोन्यासारखी.

२००६ साली, सत्तेचाळिसाव्या वर्षी, त्यांनी परदेशातल्या एका विद्यापीठात नाव घातलं. घरबसल्या इंटरनेटवरून एम.एस्सी. विषय काय, तर उपग्रहाच्या चित्रांवरून कॉम्प्युटरवर नकाशे करण्याचा. तिकडच्या वेळेमुळे वर्ग पहाटे सहाला. कानाला हेडफोन लावून बसल्या की दूध उतू गेलं तरी त्यांना पत्ता नसे. मी दोन वर्षं बडबड केली आणि दोन वर्षं त्यांच्या वाटचा चहाही केला. लोडशेडिंगने वर्ग मध्येच तुटला की त्यांचा चेहरा असा उतरायचा, की माझीच बडबड थांबायची.

शेवटच्या प्रबंधाला त्यांनी उमेळे आणि सांडोरची बावखलं घेतली. वसईच्या प्रत्येक जुन्या घराच्या बागायती वाडीत असायचं बावखल, म्हणजे पावसाचं पाणी धरून ठेवणारं लहानसं तळं. केळी, पानवेल सगळं त्याच्या जिवावर. आता भराव टाकून तिथे इमारती होत होत्या. ताईंनी जुन्या नकाशात त्रेचाळीस बावखलं मोजली, उपग्रहाच्या चित्रात कॉम्प्युटरने चौदा शोधली, आणि त्यांनी लिहून टाकलं की एकोणतीस बुजली. प्रबंध परत आला. एकही जागा प्रत्यक्ष पाहिलेली नाही, असा शेरा. दुरुस्तीची एकच संधी, बारा दिवस. नाहीतर पदवी नाही.

ताई पडद्यासमोर डोळे पुसत बसल्या होत्या. मी शेजारी जाऊन नकाशा पाहिला.

"यात आपलं बावखल कुठे आहे?"

"ते... बुजलेल्यांत आलंय."

"मग मी आज सकाळी केळींना पाणी कुठून सोडलं?"

ताई मला घेऊन मागे वाडीत धावल्या. मग आमच्या ध्यानात आलं. आमच्या बावखलावर आंब्याच्या फांद्या वाकलेल्या, पाण्यावर हिरवं शेवाळ. वरून बघणाऱ्याला सगळी वाडीच दिसणार! उपग्रहाला काय बोलायचं? पण ताई रोज त्याच्या काठावरून शाळेत जायच्या, त्यांना काय झालं होतं? शिकलेल्या माणसाचा पडद्यावर फार विश्वास, दुसरं काय.

दुसऱ्या दिवशी ताई जीपीएसचं यंत्र घेऊन निघाल्या, बरोबर मी. पाच वाड्यांत आम्हाला फाटकातूनच वाटेला लावलं. सांडोरच्या कार्मिनबाय तर माझ्या ओळखीच्या, पण यंत्र बघून त्याही फाटकात आडव्या उभ्या राहिल्या. "बावखल केव्हाच बुजलं, बाय. मोजणी झाली की मागून मातीचा ट्रक येतो. आम्ही काय बघितलं नाही?"

घरी येऊन मी म्हटलं, "ताई, उद्या यंत्र पिशवीत ठेवायचं. आपण मुनवे मागायला जाऊ." मुनवे म्हणजे केळीच्या बुंध्याशी फुटणारी पिल्लं. आमच्याकडे मुनव्याला कोणी नाही म्हणत नाही. आणि चांगल्या केळी बावखलाच्या काठालाच असतात.

"खोटं बोलून मोजायचं?" ताईंमधली मास्तरीण जागी झाली.

"खोटं कसलं? मला मुनवे खरंच हवेत."

कार्मिनबायने स्वतः कोयता आणला आणि आम्हाला मागे नेलं. करंजाच्या सावलीत बावखल काठोकाठ भरलेलं. त्यांनी मुनवा काढून माझ्या हातात दिला आणि ताईंना राहवलं नाही. पिशवीतून यंत्र काढून त्यांनी सगळं सांगून टाकलं. मी कपाळाला हात लावला.

कार्मिनबायने कोयता खाली ठेवला. मग म्हणाल्या, "म्हणजे हे आहे असं तुला कागदावर लिहायचंय? आधी नाही सांगायचं? घे लिहून. माझ्या सासऱ्याचं नाव घाल, आग्नेल." आणि डोक्यावर टॉवेल टाकून त्याच आम्हाला पुढच्या वाडीत घेऊन गेल्या. त्यानंतर एकही फाटक बंद राहिलं नाही.

दहा दिवसांत एकोणतीस जागा पाहून झाल्या. बारांवर खरोखरच भराव पडला होता. आमचं धरून सतरा जिवंत होती. सोळा वाड्यांतले सोळा मुनवे मी आमच्या बावखलाकाठी लावले. ताईंनी शेवटच्या दिवशी प्रबंध पाठवला आणि दीड महिना त्यांना जेवण गोड लागलं नाही. मलाही नाही, पण ते मी त्यांना सांगितलं नाही.

निकाल आला तेव्हा मी विळीवर होते. ताई धावत आल्या, म्हणाल्या, "मंदा, झालं गं!" आणि मला मिठी मारून रडल्या. मीही रडले. लाज कसली?

संध्याकाळी त्यांनी छापलेला नकाशा माझ्यासमोर पसरला. प्रत्येक बावखलावर घरातल्या कर्त्या पुरुषाचं नाव, गावात म्हणतात तसं. आमच्याला सगळे 'नरहरींचं' म्हणतात, नरहरी म्हणजे आमचे सासरे. मी बोट फिरवत शोधलं. तिथे लिहिलं होतं, 'मंदाचे बावखल'.

"अहो ताई, असं गावात कोण म्हणतं?"

"परीक्षकांनी विचारलं होतं, हे आहे कशावरून? मी लिहिलं, माझी जाऊ रोज त्याचं पाणी काढते."

सासऱ्यांच्या फोटोची मी हात जोडून माफी मागितली. फार मनापासून नाही.