अप्पांनी कण्हेरीला घातलेला पिंजरा

आमच्या घरमालकांइतका चौकस माणूस अख्ख्या लातुरात सापडायचा नाही, आणि इतकी चौकशी करून शेवटी नेमकं नको तेच करणारा माणूस मला उभ्या जन्मात दुसरा भेटलेला नाही. सगळे त्यांना अप्पा म्हणतात. भांड्यांचं दुकान मुलाच्या हाती दिल्यापासून त्यांना दोनच उद्योग उरले, सकाळची लिंगपूजा आणि दिवसभराची काळजी. मी त्यांच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहतो आणि कॉलेजात मराठी शिकवतो. पण मास्तर म्हणजे सर्वज्ञ, अशी त्यांची ठाम समजूत असल्यामुळे गॅसच्या शेगडीपासून गुडघेदुखीपर्यंतचे सगळे प्रश्न जिना चढून माझ्याकडे येतात. मी सांगतो, ते मान डोलावतात, आणि मग कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याला तोच प्रश्न विचारून त्याच्या उत्तराप्रमाणे वागतात.

पाण्याच्या बाबतीत तर त्यांच्यापुढे मी केव्हाच हात टेकले आहेत. लातूरची टंचाई ज्यांनी भोगली ती सगळीच माणसं पाणी जपतात, पण अप्पांच्या घरी पाणी एकदाच वापरणं हे पाप आहे. तांदूळ धुतलेलं पाणी भांड्यांना, भांड्यांचं फरशीला, फरशीचं झाडांना. मी एकदा अंगणातल्या नळाखाली हात धूत होतो, तर मागून शांत आवाज आला, "सर, हातच हाईत ना? ट्रॅक्टर धुतल्यासारखं काय करलालाव?" तेव्हापासून मी तांब्यात पाणी घेऊन हात धुतो.

त्यांच्या दारात एक दिवस तांबूस रंगाचं कुत्रं येऊन बसलं. "बसू द्या, पाव्हणा हाय, जाईल," म्हणून त्यांनी भाकरी टाकली. ते काही गेलं नाही आणि पाव्हणा हेच त्याचं नाव पडलं. स्वतःच्या मुलाशी दिवसाकाठी चार शब्द न बोलणारे अप्पा त्याच्याशी मात्र तासन्‌तास बोलत. जेवताना पहिला तुकडा त्याचा. थंडीत त्याच्या अंगावर अप्पांची जुनी शाल असे, आणि अप्पा स्वतः कुडकुडत.

मग पुण्याच्या लेकीने फोनवर सांगितलं की कण्हेर कुत्र्यांना विषारी असते. फाटकाजवळ अप्पांची कण्हेर होती, गुलाबी फुलांनी लगडलेली, आणि पूजेची फुलं तिचीच. अप्पा धापा टाकत वर आले. "सर, कण्हेर कुत्र्याला बाधती का?" मी म्हटलं, पान, फूल, फांदी, सगळंच विषारी, काढून टाका. "अन् माझ्या महादेवाला फुलं कुठली आणू?" मग दूधवाला म्हणाला काही होत नाही, न्हावी म्हणाला होतं. इस्त्रीवाला म्हणाला, झाडाला जाळी लावा. झालं. अप्पांनी वेल्डर बोलावून झाडाभोवती चांगला पुरुषभर उंच लोखंडी पिंजरा करून घेतला आणि त्याला कुलूप ठोकलं. कुत्रं मोकळं आणि झाड तुरुंगात, असं दृश्य बघायला गल्लीतली माणसं येऊन गेली. अप्पा रोज सकाळी पाव्हण्याला बांधत, कुलूप काढत, फुलं तोडत आणि खाली पडलेलं पानन्‌पान वेचून घेत. या माणसाने एक तरी काम नीट केलं, असं मला पहिल्यांदाच वाटलं.

एका सकाळी ते अनवाणी वर आले. "सर, पाव्हणा उठंना." खाली पाव्हणा ओकून पडला होता, तोंडाला लाळ, पाय थरथरत होते. रिक्षात त्याचं डोकं अप्पांच्या मांडीवर होतं. जनावरांच्या डॉक्टरांनी विचारलं, कण्हेर खाल्ली का? "कशी खाईल? कुलूप हाय," अप्पा म्हणाले. मग पाणी कुठलं प्यायला? अप्पांनी जरा अभिमानानेच सांगितलं, पूजेचं. ज्या वाटीत दिवसभर फुलं राहतात, तिच्यातलं. आधी ते संध्याकाळी कण्हेरीच्याच बुडाशी ओतत. पण संध्याकाळी पाव्हणा मोकळा असे, आणि पिंजऱ्याचं दार उघडलं की आत घुसायला बघे. तीर्थ पायदळी ओतता येत नाही, आणि पाणी वाया कसं घालवायचं? म्हणून आठवडाभर ते पाव्हण्याच्या ताटलीत जात होतं.

डॉक्टर सलाईन लावायला उठले. मला अप्पांचा इतका राग आला होता की त्यांना गदगदा हलवावं असं वाटत होतं. तेवढ्यात ते माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "सर, देवाच्या अंगावरचं फूल हाय हो ते. त्याच्यात इख कसं ऱ्हाईल?" हा एकच प्रश्न असा होता की तो त्यांनी दुसऱ्या कुणालाच विचारला नाही.

पाव्हणा वाचला. अप्पांनी कण्हेर मुळासकट काढली. आता महादेवाला बेल जातो, तोही ते बाजारातून आणतात. पाव्हणा अजून त्यांच्याच पायाशी झोपतो, त्यांच्या मागे मागे फिरतो. फक्त त्यांच्या हातचं पाणी पीत नाही. ताटली ठेवली की हुंगतो, अप्पांकडे बघतो आणि लांब जाऊन बसतो. म्हणून अप्पा रोज संध्याकाळी ताटली घेऊन जिना चढतात आणि म्हणतात, "सर, तुमीच ठिवा." मी खाली येऊन पाणी भरून ठेवतो. ते फाटकाकडे तोंड करून उभे राहतात, आणि पाणी चाटल्याचा आवाज थांबेपर्यंत मागे वळून बघत नाहीत.