मान्यवरांच्या खाली वाघ

सिंदेवाहीजवळच्या आमच्या गावात मोबाइलच्या ग्रुपवर काहीही लिहायचं झालं तरी आधी मान्यवर येतात. उद्या नळाला पाणी नाही, एवढं सांगायलाही सरपंचांपासून सुरुवात. मी पोटापाण्यासाठी एका बातम्यांच्या वेबसाइटवर लोकांचं लिखाण नीट करते. लांबलचक परिच्छेद फोडायचा, मुद्दा वर आणायचा, बाकीचं खाली ढकलायचं. गावात हे बोलले की उत्तर ठरलेलं, "तुह्यं शहरातलं इथी नको शिकवू. मोठ्या मान्साचं नाव पयले येते."

त्या उन्हाळ्यात मोहफुलं गळायला लागली होती. बायका पहाटेच टोपल्या घेऊन जंगलात जातात, कारण उशीर झाला की फुलं गुरं खाऊन टाकतात. माझी काकूही जायची. एका संध्याकाळी ग्रुपवर गावच्या वन समितीचा मेसेज आला. अध्यक्ष, उपाध्यक्ष, सर्व सन्माननीय सदस्य, 'आपणांस कळविण्यात येते की', आणि मग 'आणखी वाचा'. त्याच्याही खाली, पार शेवटी, तलावापलीकडच्या मोहांखाली वाघीण पिल्लांसह दिसल्याचं लिहिलं होतं.

असा मेसेज आमच्याकडे कुणी उघडत नाही. वरची नावं पाहायची आणि हात जोडून मोकळं व्हायचं. खाली नमस्कारांची रांग लागली होती. अक्षर अक्षर जोडून वाचणाऱ्या काकूचाही नमस्कार त्यात होता. सकाळी ती तलावापलीकडे गेली. दुपारी लोकांनी तिला चादरीत गुंडाळून आणलं.

मला रडू आलं नाही, संताप आला. तो अजून गेलेला नाही. दुसऱ्या दिवशी ग्रुपवर श्रद्धांजली आली. अध्यक्ष, उपाध्यक्ष, सर्व सन्माननीय सदस्य. काकूचं नाव पाहायला मला 'आणखी वाचा' दाबावं लागलं.

तेरवी झाल्यावर मी भांडून वाघाचे मेसेज लिहायचं काम माझ्याकडे घेतलं. पहिला लिहिला, 'तलावापलीकडे जाऊ नका. वाघीण आहे.' मान्यवर गाळले. काही जण रुसले, रुसू देत.

काका ओसरीवर बसले होते. त्यांनी मोबाइल डोळ्यांजवळ नेला, ओठ हलवत वाचलं, पुन्हा वाचलं. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "एवढंच लिवाचं होतं ना, पोरी? एवढं तं तिले वाचता येत होतं."