बिनबाह्यांचा कुर्ता

खळ घातलेल्या सुती कापडावर गरम इस्त्री फिरली की जो वास सुटतो, त्यानं मला केजच्या आमच्या ऑफिसातला एक मे महिना आठवतो. वीज गेली होती, डोक्यावरचे पत्रे तापले होते आणि आम्ही बायका नायलॉनच्या साड्यांत घामानं निथळत होतो. आमच्यातल्या टायपिस्टला सातवा महिना लागलेला. त्या दिवशी ती फिकट निळा, सैल, बिनबाह्यांचा सुती कुर्ता घालून आली. साहेब शर्टाची वरची बटणं सोडून पेपरनं वारा घेत बसले होते. तिला बघताच म्हणाले, "मॅडम, हे ऑफिस हाय, घर न्हाई. जा, साडी नेसून या." ती हळूच म्हणाली, "साहेब, युसूफ वडगावला घरी जाऊन यायचं म्हणजे लई ऊन हाय." "मग येऊच नका. आजची रजा मांडतो." डोळे पुसत तिनं पर्स उचलली, तशी माझ्या मस्तकात तिडीक गेली. मी उठून म्हणाले, "तिनं का म्हून जायचं, साहेब? आधी तुमी बटणं लावा. सगळी छाती दिसतीय." साहेबांचा हात आपसूक गळ्याशी गेला. ती परत आपल्या खुर्चीत बसली, आणि दुसऱ्या दिवशी आम्ही सगळ्याच सुती कुर्त्यांत आलो. आता नव्या मुली विचारतात, उन्हाळ्यात ऑफिसला काय घालू? मी सांगते, सुती, सैल, फिकट रंगाचं, आणि ओढणी वाटली तरच. पण ही हकिगत सांगताना आजही माझा आवाज चढतो. पोटुशी बाईला तो माणूस भर उन्हात पिटाळत होता, तिच्या उघड्या दंडापायी.