पडीक

माझा पुतण्या आधी जमिनींचा दलाल होता. गोव्याहून, बेळगावहून लोक गाड्या घेऊन यायचे, त्यांना तो जंगलाकडेच्या जागा दाखवायचा. पुढे तो जमिनींची किंमत ठरवून देणारा झाला. ते कसं झालं, मी पाहिलं आहे.

जोयड्याला लोकांच्या कर्जासाठी जागा बघायला इंजिनियर यायचे. त्यांना ना रस्ते ठाऊक, ना कुठली जागा कितीला गेली ते. पुतण्या त्यांना जीपमधून फिरवायचा, विचारायच्या आत सगळं सांगायचा. फुकट. हळूहळू इंजिनियर यायचेच बंद झाले. हा बघून यायचा, ते सही करायचे. मग यानं धारवाडला कसलासा कोर्स केला, आणि कर्ज असो की वाटणी, लोक त्यालाच बोलावू लागले.

त्याला माहिती कुठून मिळायची? जागा बघायला जायच्या आधी तो माझ्या पडवीत येऊन बसायचा. "काकी, वरच्या अंगाच्या विहिरीला मे महिन्यात पाणी असतंय काय? गवे कुठनं उतरत्यात?" मी सांगायची. चहाही मीच करायची.

नवरा गेल्यावर दिरानं वाटणी काढली. दीर म्हणजे याचा बाप. किंमत कोण ठरवणार, असं पंचांनी विचारलं. "घरात माणूस असताना भायेरचा कशाला?" दीर म्हणाला. मला कोणी विचारलं नाही.

मला झऱ्याकाठचा एकच तुकडा हवा होता. तिथं मी मुडली लावायची. हा मोठा कंद जमिनीखाली वाढतो आणि माती पार थकवतो. म्हणून कंद काढले की आम्ही ती जमीन एक साल विसाव्याला सोडतो. तिला कुदळसुद्धा लावत नाही. त्या साली तुकडा विसाव्याला होता. वर नुसतं गवत.

पुतण्यानं लिहिलं, पडीक.

मी त्याला अंगणात गाठलं. "हितली मुडली खाऊन वाढलास न्हवं? पडीक व्हय रं ही?"

"मला ठावं हाय काकी. पर कागदावर विसाव्याला रकाना न्हाई. पीक न्हाई तर पडीक."

"मग घाल की रकाना."

"मी काय सरकार हाय?" म्हणून हसला.

घराची किंमत त्यानं भरपूर लावली. माझा वाटा घरातच भरला. तुकडा दिराकडे चालला तेव्हा मी पंचांपुढे म्हणाले, "पडीकच हाय तर घाला माझ्या पदरात. तुमचं काय जातंय?"

"वैनी, ह्या वयात गवत खाणार हाईस काय?" दीर म्हणाला. पंच हसले. वाटणी मिटली.

पुढच्याच उन्हाळ्यात गोव्याचं एक गिऱ्हाईक आलं. पुतण्या त्याला माझ्या कुंपणाशी उभं करून सांगत होता, "बारमाही झरा. आणि माती बघा. आमच्या काकीचे कंद बघायला पाहिजे होते तुम्ही." तुकडा गेला. आता तिथं पाहुण्यांच्या खोल्या आहेत. मातीत राहिलेले कंद पावसाळ्यात फुटतात, आणि त्यांचा माळी तण म्हणून उपटून टाकतो.

मागच्या महिन्यात पुतण्या पुन्हा पडवीत आला. नंदिगड्ड्याला वाटणी होती, एक विधवा आणि तिचा दीर. "काकी, त्या बाईच्या शेताला पाणी कसं हाय?"

"जा, बघ जा," मी म्हणाले. चहा केला नाही.

ती बाई माझ्या ओळखीची, उळवीच्या जत्रेतली. सकाळच्या बसनं मी तिच्याकडे गेले. तिचं शेत विसाव्याला होतं, वर नुसतं गवत.

"आजच्या आज कुदळ मार," मी म्हणाले. "काठ्या रोव, वेल चढीव, काय बी लाव. तो येईल तवा हिरवं दिसू दे."

"आक्का, विसाव्याची जमीन हाय ती. माती मरंल."

"मरू दे," मी म्हणाले. "तुझ्या नावावर मरू दे."