पाठीमागे कोण?

“साहेब, लिवून घ्या! करणी केलीया त्यानं माझ्या पोरावर!”

पारनेर तालुक्यातल्या आमच्या ठाण्यात तो बाप असा ओरडला, की माझ्या चहावरची साय फाटली. सबंध नोकरीत मी इतका आरडाओरडा ऐकला, की आता घरातली भांडणं मला कुजबुज वाटतात. पण ती दुपार कानातून जात नाही. नावं मात्र कोणाचीच सांगणार नाही.

यात्रेच्या आखाड्यात त्याचा मुलगा, रेड्यासारखा पैलवान, एका काटकुळ्या मल्लासमोर सलामी होताच चितपट झाला होता. तेव्हापासून तो पाठ भिंतीला लावून बसे आणि एकच विचारी, “माझ्या मागं कोन हाय?” ठाण्यातही तसाच बसला होता.

बापाची मागणी एकच: जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा दाखल करा.

मी म्हटलं, “काका, जादूटोणा खोटा असतो, म्हणून तर तो कायदा आहे.”

“खोटा हाय तर पोरगं पडलं कसं?”

ठाणे अंमलदाराने पेन खाली ठेवलं.

बाहेर निम्मा तालुका काठ्या घेऊन उभा. मल्लाचे हात मोडायचे, असं ठरलेलंच होतं. मी त्याला आधीच उचलून माझ्या खोलीत बसवलं होतं.

धागा दिला आमच्या हवालदाराने. तो आखाड्यावर बंदोबस्ताला होता. “साहेब, त्यो काटकुळा समोरच्याकडं बघतच न्हाई. त्याच्या खांद्यावरनं मागं बघतो.”

मी मल्लाच्या चौकशीला बसलो. माझी जरब अशी, की सराईत दरोडेखोर न विचारता आजीचं माहेर सांगत. याची नजर मात्र माझ्या डाव्या खांद्यावरून मागे गेली. चेहरा मऊ झाला. कोणाला तरी वाट द्यावी तसा तो जरा सरकला आणि त्याने हात जोडले.

माझी खुर्ची भिंतीला टेकलेली. मागे पाल चढायलाही जागा नाही. तरी मानेवर गार वाटलं आणि मी वळून पाहिलं.

पुन्हा समोर बघतो तो माझं मनगट त्याच्या मुठीत.

“एवढंच हाय, साहेब. मान वळली की पाय हलका हुतो. मग वढायचं.”

हेच मी त्याला बापलेकांसमोर करून दाखवायला लावलं. पैलवानाने दोनदा मागे पाहिलं आणि हळूच पाठ भिंतीपासून सोडवली.

बाप चिडला. “आधी सांगाया काय झाल्तं?”

“डाव कुनी सांगतं व्हय, काका?”

बापानेच बाहेर जाऊन जमाव पांगवला. तक्रार राहिली नाही. स्टेशन डायरीत नोंद झाली, इतकंच.

त्या दिवशी मी एक शिकलो. समोरचा कितीही दांडगा असो, माणूस त्याला तोलून घेतो. पाठीमागचं दिसत नाही, तिथे भलेभले ढिले पडतात. पुढे चौकशीला बसलो की मीही आरोपीच्या खांद्यावरून पाहू लागलो. त्यावर किती जण बोलते झाले हे सांगितलं, तर माझी पेन्शन थांबेल.

तर त्या दुपारी सगळे गेले. मल्लाने चपला घातल्या, दारात थांबून वळला. माझ्या खांद्यामागे पाहिलं, बाजूला सरकला, हात जोडले.

मी हसलो. “पुरे रे. कळला तुझा डाव.”

“डाव मघाशी हुता, साहेब.”