तो आपणहून गेला नव्हता

चीनच्या लढाईला वर्ष होत आलं होतं. माझी पोस्टिंग बंगळूरला, इंजिनिअरांच्या एका ट्रेनिंग कंपनीत होती. रँक हवालदार. काम डिमॉलिशन शिकवण्याचं, म्हणजे सुरुंगाने पूल, खडक, रस्ते कसे उडवायचे ते. भरती जोरात होती आणि शिक्षण लवकर उरका असा वरून रोज तगादा होता.

मी बेळगावजवळच्या खेड्यातला, मिशनच्या शाळेत वाढलेला ख्रिस्ती. बंगळूरला आल्यावर मी चर्च परेडपुरता ख्रिस्ती उरलो होतो. रविवारी रांगेत जायचो, रांगेत परत यायचो. मधे काय बोललं गेलं ते आठवत नसे.

माझा असिस्टंट लान्स नाईक कृष्णाजी. चामराजपेटचा. त्यांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या बंगळूरचं. घरात मराठी बोलत, पण त्यात कानडी फार. घरी त्याला किट्टू म्हणत, कंपनीतही तेच नाव पडलं. परेडवर तो मला हवालदारसाब म्हणे, दोघेच असलो की अण्णा.

त्या मंगळवारी आमची रेंज, म्हणजे सुरुंगाच्या सरावाची जागा, आनेकलच्या बाजूला खडकाळ माळावर होती. ०९४० वाजता आम्ही पाच चार्ज, म्हणजे सुरुंग, पेटवून आडोशाला आलो. जितके चार्ज तितके धमाके मोजायचे, हा नियम. एक कमी पडला तर अर्धा तास कुणी जागचं हलायचं नाही.

धमाके झाले चार.

"एक मिसफायर, हवालदारसाब," किट्टू म्हणाला.

१०३० ला कमांडिंग ऑफिसर पाहणीला येणार होते. त्याआधी मला मैदान साफ हवं होतं. मी बारा मिनिटं थांबलो.

"जाऊन बघ."

"साब, अजून अर्धा तास..."

"जा म्हटलं ना."

तो गेला. रिक्रूट दोनशे यार्डांवर बांधामागे होते. आमचं बोलणं त्यांना ऐकू जाणं शक्य नव्हतं.

पाचवा धमाका ०९५८ ला झाला. मी फील्ड टेलिफोन उचलला. "रेंज टू कंट्रोल. कॅज्युअल्टी वन. अ‍ॅम्ब्युलन्स पाठवा." पलीकडून विचारलं, "जखमी किती?" किट्टूला मी बघून आलो होतो. म्हणालो, "जखमी कुणी नाही."

बुधवारी १५०० वाजता कोर्ट ऑफ इन्क्वायरी बसली. समोर एक मेजर आणि दोन ऑफिसर.

"त्याला पुढे कुणी पाठवलं?"

"कुणी नाही, सर. तो आपणहून गेला."

हे वाक्य मी आधी ठरवलं नव्हतं. तोंडातून निघालं आणि मेजरसाहेबांनी लिहून घेतलं. म्हणाले, "सोमवारी ११०० वाजता सह्या. जा."

सोमवारपर्यंत पाच दिवस होते. लंगरमध्ये ताट तसंच ठेवून उठायचो. ऑफिसचा रनर बराकीकडे येताना दिसला की मी मागच्या दाराने बाहेर पडायचो. एक रिक्रूट माझ्याकडे रोखून बघतोय असं वाटलं, म्हणून त्याला विनाकारण पाठीवर ओझं देऊन पळवलं. ऐकलं असेल का त्याने? विचारायची सोय नव्हती.

शनिवारी किट्टूची ट्रंक त्याच्या घरी पोचवायची ड्यूटी माझ्यावर आली. वडील शिंपीकाम करत. थोरल्या बहिणीने, अक्काने, पाण्याचा तांब्या ठेवला. "स्वल्प बसा. उन्हातून आलात."

वडिलांनी ट्रंक उघडली नाही. म्हणाले, "साहेब, किट्टूने नियम मोडला असं तुमचा माणूस सांगून गेला. लहानपणी मी उभा राहा म्हटलं की तासभर उभा राहायचा हो तो. कसा मोडेल?"

मी म्हणालो, "घाई केली त्याने."

"सरी, ठीक आहे," ते म्हणाले.

रविवारी चर्चमध्ये प्रभुभोजन होतं. सगळे उठून पुढे गेले. मी बाकावरच बसून राहिलो. भाकर आणि प्याला घ्यायची माझ्या रांगेची पाळी येऊन गेली. उपासना संपली तरी मी बाकावरच होतो. पाळक आमच्याच बेळगावकडचे, वयस्कर. शेजारी येऊन बसले. "हवालदार, आजारी आहात?"

मी सगळं सांगितलं.

"देवाकडे क्षमा मागितलीत?"

"पाच दिवस मागतोय."

"आणि खोटं?"

"ते आहे अजून."

"मग एका हाताने ते घट्ट धरून दुसरा हात पसरताय. पश्चात्ताप म्हणजे रडणं नव्हे, मागे वळणं. मेलेल्यावर ठेवलेला दोष आधी उचला."

"रँक जाईल. तुरुंगही होईल."

"होईल," ते म्हणाले. तिथेच गुडघे टेकले, मीही टेकले. किती वर्षांनी माझ्या स्वतःच्या शब्दांत प्रार्थना केली. "प्रभू, तो माझ्यामुळे मेला. वर मी खोटं बोललो. उद्या मला मेजरसाहेबांच्या दारापर्यंत ने. पुढे तू सांगशील तसा जगेन."

सोमवारी १०४५ ला मी ऑफिसबाहेर उभा होतो. मागे फिरावं असं दोनदा वाटलं. आत कागद तयार होते.

"सर, माझं स्टेटमेंट खोटं आहे. हुकूम मी दिला होता."

मेजरसाहेबांनी पेन खाली ठेवलं. "परिणाम माहीत आहेत?"

"येस, सर."

"पहिल्यापासून सांग."

किट्टूवरचा दोष पुसला गेला. माझा समरी कोर्ट मार्शल झाला. तीन महिने कोठडी, आणि हवालदाराचा साधा सॅपर झालो. खोटं वाटेल, पण कोठडीत पहिल्या रात्री मला झोप लागली.

सुटल्यावर फीत नसलेल्या बाहीने चामराजपेटला गेलो. उंबऱ्याबाहेर उभं राहून वडिलांना सगळं माझ्या तोंडाने सांगितलं.

"तुमच्या देवाने माफ केलं तुम्हाला?"

"हो."

"त्याला लवकर जमलं. मला स्वल्प वेळ लागेल."

अक्का आत निघून गेली. त्या दिवशी कुणी बसा म्हटलं नाही.

मी दर महिन्याला जात राहिलो. रविवारी आधी चर्च, मग चामराजपेट. कधी दार उघडत, कधी नाही. दुसऱ्या वर्षी वडिलांनी मशीन थांबवलं आणि समोरचं स्टूल पायाने माझ्याकडे सरकवलं.

"आमच्याकडे असताना कसा होता ते आम्हाला ठाऊक आहे," ते म्हणाले. "तुमच्याकडे कसा होता?"

मी सांगू लागलो. भित्र्या रिक्रूटचा पहिला डिटोनेटर तो स्वतःच्या हातात त्याचा हात धरून बसवायचा. मार्च करताना बेसूर गायचा. घरचा डबा आला की आधी गार्डवरच्या माणसाला द्यायचा. अक्का दाराशी येऊन ऐकत होती. शेवटची सकाळही सांगितली, मिनिटामिनिटाने. त्याने मला नियमाची आठवण करून दिली होती, हेही सांगितलं.

वय तेवीस. लान्स नाईक कृष्णाजी. अर्धा तास झाला नव्हता हे त्याला माहीत होतं, आणि तरीही तो माझ्या शब्दावर चालत गेला.